नेटवर्किंग आणि सिक्युरिटीमधली लघुरूपं सलग वाचायची की अक्षरं सुटी म्हणायची?

मधे स्वर येऊन सहज शब्द होत असेल तर सलग म्हणा, नाहीतर अक्षरं सुटी. म्हणून लॅन (LAN), नॅट (NAT), मॅक (MAC), सॅमल (SAML). पण डीएनएस, एसएसएच, बीजीपी. काही अर्धी-अर्धी असतात: व्ही-लॅन (VLAN), आयपी-सेक (IPsec), डी-डॉस (DDoS). ‘व्ही-एल-ए-एन’ असं कुणी म्हणत नाही. आरएसए ही एन्क्रिप्शनची पद्धतही सुटंच; ती रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत (1977). खरा घोळ सीमचा, म्हणजे सिक्युरिटीच्या नोंदी एका जागी गोळा करून तपासणाऱ्या प्रणालीचा: एस-आय-ई-एम (SIEM). काही जण ‘सिम’ म्हणतात, काही ‘सीम’, आणि दोन्ही चालतं. फोनवर बोलताना मी ‘सीम’ म्हणतो, नाहीतर समोरच्याला मोबाइलचं सिम कार्ड वाटतं. हा नियम ढोबळ आहे. एसीएल (ACL, कुणाला प्रवेश द्यायचा याची यादी) सलग म्हणता आलं असतं, तरी रूढ उच्चार सुटाच आहे. टीममध्ये रुळलेला उच्चार धरा.