बोगद्यात ट्रक पेटला तर वरून पाणी मारून उपयोग होतो का?

तुम्ही जालन्याहून समृद्धीने मुंबईला माल नेता आणि विचारता, की इगतपुरीच्या बोगद्यात आग लागल्यावर पाण्याचे फवारे सुटतात म्हणे, पण डिझेलवर पाणी पडून आग आणखी भडकणार नाही का? मी वाळूजला कारखान्यांच्या फायर सिस्टिमची देखभाल करतो, म्हणून सांगतो.

जळत्या डिझेलवर बादली ओतली तर ते पाण्यावर तरंगत पसरतं, तुमची शंका रास्तच आहे. पण बोगद्यातली वॉटर मिस्ट यंत्रणा धुक्यासारखे बारीक थेंब सोडते. लिटरभर पाण्याची वाफ होताना सुमारे २,२६० किलोजूल उष्णता शोषली जाते, आणि थेंब बारीक असला की वाफ झटकन होते. शिवाय ट्रकची मोठी आग बहुतेक वेळा मालाची असते. १९९९ मध्ये फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लां बोगद्यात पेटलेल्या ट्रकमध्ये मैदा आणि मार्गारिन होतं. ३९ माणसं गेली, आग विझायला दोन दिवसांहून जास्त लागले. सरकी, ढेप, कापसाच्या गाठी वाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मात्र फवाऱ्याने आग विझेलच असं धरून चालू नका. ताडपत्रीखाली थेंब पोचत नाहीत. आग वाढू न देणं आणि मागची गाडी पेटू न देणं, हे त्याचं काम. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २००७ मध्ये ट्रक आणि गाड्यांची धडक होऊन आग लागली. अपघातात तिघे गेले, पण फवारे लवकर सुरू झाल्याने आग पसरली नाही.

मला जास्त काळजी वाटते ती देखभालीची. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. कारखान्यात नोझल खोललं की आत पांढरा खार धरलेला दिसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. मिस्टच्या नोझलची छिद्रं तर फारच बारीक, त्यामुळे फिल्टर आणि ठरल्या वेळी चाचणी यात हयगय चालतच नाही.

आणि फवारे सुरू झाले म्हणून केबिनमध्ये बसून राहू नका. छताला साचलेला धूर पाण्याबरोबर खाली उतरतो, समोरचं दिसेनासं होतं. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली तिथेच ठेवा आणि क्लीनरला घेऊन शेजारच्या बोगद्यात जाणाऱ्या दारातून बाहेर पडा. मालाचा विचार नंतर.