आधी नियम की आधी घर? प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी कार्यालय निवडताना

पत्राचा सारांश: मी वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला आहे. गेल्या सत्राच्या परीक्षणात माझ्या दुमजली घराच्या आराखड्याचे कौतुक झाले; पण जिना नियमात बसत नाही आणि एका शयनकक्षाला बाहेर उघडणारी खिडकी नाही, या दोन कारणांसाठी तो पुन्हा करायला सांगण्यात आला. जिना दुरुस्त करायला घेतला तर वरचा सगळा मजलाच बिघडला. नियमांमुळे कल्पकता मरते, असे मला वाटू लागले आहे. आता प्रत्यक्ष प्रशिक्षणासाठी मला दोन कार्यालयांनी बोलावले आहे. एका ठिकाणी घरांची सुरुवातीची संकल्पचित्रे करायला मिळतील, तर दुसऱ्या ठिकाणी बांधकाम परवानगीची रेखाचित्रे आणि नियमांची पडताळणी हे काम आहे. मैत्रिणी म्हणतात, दुसरीकडे गेलीस तर जन्मभर कारकुनी करशील. मला घरेच डिझाइन करायची आहेत. मी कुठे जावे?

प्रिय विद्यार्थिनी,

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागाहून देते. तुम्ही दुसऱ्या कार्यालयात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याला एक अट आहे आणि ती अट पूर्ण होत नसेल तर हा सल्ला मी मागे घेईन. मार्गदर्शनाच्या कामाकडे वळण्यापूर्वी मी अकरा वर्षे घरांचे नकाशे काढत होते, त्यामुळे तुमच्या पत्रातली निराशा मला परकी नाही.

तुम्ही सोबत जोडलेला आराखडा मी पट्टी घेऊन तपासला. एका मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंत ३ मीटर उंची आहे आणि जिन्यासाठी २ मीटर रुंद व ३ मीटर लांब जागा ठेवलेली आहे. आता हिशेब करून पाहू. पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायची जागा २५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, असे धरले, तर ३००० ला १९० ने भागून पंधराहून अधिक, म्हणजे सोळा चढ (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतच्या उभ्या उंच्या) लागतात आणि प्रत्येक चढ १८७.५ मिलिमीटरचा होतो. दोन चढांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून ६२५ मिलिमीटर भरतात. माणसाच्या पावलाच्या अंतराशी जिन्याचा असा मेळ घालण्याची रीत सतराव्या शतकातील फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लोंदेल यांनी मांडली आणि अनेक संहितांमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावल्यांमध्ये, ती आजही या ना त्या रूपात टिकून आहे. जिना मध्ये वळवला की प्रत्येक बाजूला आठ चढ आणि सात पायऱ्या येतात (आठवा चढ वळणावरच्या सपाट जागेवर किंवा मजल्यावर संपतो); सात पायऱ्यांना १.७५ मीटर, वळणावरच्या त्या सपाट जागेला (लँडिंगला) १ मीटर आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहायला आणखी १ मीटर, असे मिळून ३.७५ मीटर हवेत. तुमच्याकडे ३ आहेत. उरलेले पाऊण मीटर तुम्ही न्हाणीघरातून काढले, त्यामुळे न्हाणीघराचे दार मार्गिकेत सरकले, मार्गिका वाकडी झाली आणि दोन्ही खोल्यांची मांडणी विस्कटली.

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे. पहिल्या संध्याकाळी, कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी तो झाला असता, तर जिना घराच्या मांडणीचा कणा झाला असता आणि वरचा मजला त्याच्याभोवती आपोआप बसला असता. तुमची कल्पकता नियमाने मारलेली नाही. नियम तिच्यापर्यंत उशिरा पोचला, एवढेच घडले आहे.

आकडे देशागणिक बदलतात, हे येथे आवर्जून लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये खाजगी घराच्या जिन्याला २२० मिलिमीटरपर्यंत चढ चालतो आणि उताराचा कोन ४२ अंशांपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वीकारलेल्या निवासी संहितेत ही मर्यादा पावणेआठ इंच, म्हणजे सुमारे १९६ मिलिमीटर आहे. मात्र एक गोष्ट सहसा सगळीकडे सारखी सापडते: एकाच जिन्यातले चढ एकमेकांशी सारखे हवेत. त्याच अमेरिकी संहितेत सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढात तीन-अष्टमांश इंचाहून, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरांहून अधिक फरक चालत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो आणि पुढच्या पायऱ्या तो न बघता चढतो, हे त्यामागचे कारण आहे.

ते कारण मला एका घराने शिकवले. जिन्याचे रेखाचित्र माझे होते, सोळा समान चढ त्यात काटेकोर दाखवले होते आणि काँक्रीटही तसेच ओतले गेले. पण दोन्ही मजल्यांच्या फरशीखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा थर धरून ५० मिलिमीटर जाडी येणार होती आणि पायऱ्यांवर मात्र फक्त २० मिलिमीटर दगड बसणार होता, हे मी हिशेबात घेतले नव्हते. काम पूर्ण झाल्यावर खालचा पहिला चढ ३० मिलिमीटरांनी बुटका आणि वरचा शेवटचा चढ तेवढाच उंच झाला. घरातल्या आजी दर वेळी त्या शेवटच्या पायरीला ठेचकाळत आणि आपल्या वयाला दोष देत. मी घर पाहायला गेले तेव्हा माझ्यासमोर त्यांचा पाय अडखळला, मी टेप काढून मोजले आणि दोष कोणाचा ते मला कळले. पायऱ्यांवरचा सगळा दगड उखडून नव्याने पातळी धरावी लागली. त्या दिवसापासून कोणत्याही छेदचित्रात (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रात) मी काँक्रीटची पातळी आणि तयार फरशीची पातळी वेगवेगळी लिहिल्याशिवाय पुढे गेले नाही. पडताळणीच्या टेबलावर बसणारा माणूस नेमकी हीच शिस्त शिकतो आणि तिला कारकुनी म्हणणे मला मान्य नाही.

आता खिडकीकडे वळू. शयनकक्षाला बाहेर उघडणारी खिडकी हवी, यामागे उजेड आणि हवा ही कारणे तर आहेतच. पण अनेक संहितांमध्ये ती आगीच्या वेळी सुटकेची वाट म्हणूनही मागितलेली असते. झोपलेल्या माणसाला धूर उशिरा कळतो आणि तोवर दाराबाहेरची वाट बंद झालेली असू शकते, म्हणून हा आग्रह. वर उल्लेखलेल्या अमेरिकी संहितेत अशा खिडकीचा उघडा भाग किमान २० इंच रुंद, किमान २४ इंच उंच आणि क्षेत्रफळाने सर्वसाधारणपणे किमान ५.७ चौरस फूट हवा, तसेच तिचा उंबरा, म्हणजे खालची कड, फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको, असे सांगितले आहे. घाईने वाचणारा विद्यार्थी २० गुणिले २४ इंचांची खिडकी काढतो आणि नियम पाळल्याच्या समाधानात राहतो. परंतु तिचे क्षेत्रफळ भरते जेमतेम ३.३ चौरस फूट. तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात, म्हणजे रुंदी २० इंच ठेवली तर उंची ४१ इंचांहून थोडी अधिक घ्यावी लागते. संहिता वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, असे मी म्हणते ते यासाठी. 'आणि' कुठे आहे, 'किंवा' कुठे आहे, 'असलेच पाहिजे' आणि 'असावे' यांत काय अंतर आहे, व्याख्यांच्या प्रकरणात 'राहण्यायोग्य खोली' कशाला म्हटले आहे, आणि हातातली प्रत दुरुस्त्यांसह ताजी आहे की नाही, हे बघण्याची सवय वर्गात क्वचितच लागते.

व्याख्येचा विषय निघाला म्हणून एक गंभीर गोष्ट सांगते. तुमच्या सुधारित आराखड्यात त्याच खोलीवर तुम्ही 'शयनकक्ष' खोडून 'साठवणीची खोली' असे लिहिले आहे आणि पलंगाची पुसट रेघ मात्र तशीच राहिली आहे. व्यवसायात हा मोह वारंवार समोर येतो आणि पुष्कळदा तो ग्राहकाकडूनच येतो. नाव बदलले की कागदावर खिडकीची अट सुटते. परंतु त्या खोलीत कोणीतरी झोपणारच आहे, हे काढणाऱ्याला आणि काढून घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. कृपया हे करू नका, शिकतानाही करू नका. भिंत हलवा, खोल्यांची अदलाबदल करा, मध्ये लहानसे अंगण सोडून पाहा. तुमची ती खोली पायऱ्यांच्या मागे अडकली आहे. जिना जागचा हलला की तिला बाहेरची भिंत मिळण्याची पुष्कळ शक्यता आहे.

नियमांकडे पाहण्याची दृष्टी बदलायची असेल, तर त्यांचा उगम वाचावा. १६६६ च्या आगीत लंडनची हजारो लाकडी घरे जळाली आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने नव्या घरांच्या भिंती वीट किंवा दगडाच्या असाव्यात, असे ठरवले. १९६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली निवासी इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा मजल्यामागून मजला कोसळत गेला आणि चार माणसे दगावली. एका ठिकाणच्या हानीने सारी इमारत ढासळू नये, ही अट ब्रिटिश नियमांत त्यानंतर आली. जपानने १९८१ मध्ये भूकंपाचे निकष कडक केले आणि १९९५ च्या कोबे भूकंपात त्या निकषांनुसार बांधलेल्या इमारती जुन्यांच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक टिकल्या. कठड्याच्या गजांमधून १०० मिलिमीटरचा गोळा पार होऊ नये, हे वाक्य कोरडे वाटते. त्यातला गोळा म्हणजे लहान मुलाचे डोके आहे, हे कळले की ते कोरडे राहत नाही.

कारण माहीत असण्याचा व्यावसायिक फायदाही मोठा आहे. काही नियम थेट माप सांगतात, तर काही फक्त काय साधायचे ते सांगतात. इंग्लंडमध्ये १९८५ च्या नियमावलीपासून मूळ नियम बहुतांशी अशा साध्यांच्या भाषेत आहेत आणि मापे सोबतच्या मार्गदर्शक दस्तऐवजांत दिलेली आहेत. इतरही अनेक संहिता, तेवढीच सुरक्षितता सिद्ध करून दाखवली तर, पर्यायी रचनेला वाव देतात. वेगळ्या घराचे स्वप्न बघणाऱ्या डिझाइनरसाठी हे दार उघडे असते. पण त्या दारातून आत जायला तोच जातो, ज्याला मूळ नियम कशासाठी आहे हे सांगता येते आणि आकडेमोडीने पटवून देता येते.

कामाच्या वाटा म्हणाल, तर त्या तुमच्या मैत्रिणींना वाटतात त्यापेक्षा अधिक आहेत. नकाशांची छाननी करणारे अधिकारी, जागेवर तपासणी करणारे निरीक्षक, अग्निसुरक्षा सल्लागार, अपंग आणि वृद्ध व्यक्तींना वावरता येईल अशा घरांचे सल्लागार, ऊर्जाबचतीचे तज्ज्ञ, या सगळ्यांचा पाया संहितेच्या वाचनातच आहे. त्यांपैकी प्रत्येकासाठी लागणारी पदवी, परवाना आणि परीक्षा त्या त्या ठिकाणच्या कायद्यानुसार वेगळी असते, म्हणून निर्णयापूर्वी ती चौकशी तुम्ही स्वतः करावी. त्रिमितीय संगणकीय प्रतिमानातून मापे आपोआप तपासणारी साधने आता आली आहेत आणि निव्वळ मोजणीचे काम ती घेतील, हे मी लपवणार नाही. दोन नियम एकमेकांच्या आड आले तर कोणता आधी मानायचा आणि आराखडा कुठे हलवायचा, याचा निर्णय मात्र माणसालाच करावा लागतो. शिवाय तुम्हाला घरेच डिझाइन करायची आहेत, त्यामुळे यांपैकी काहीही कायमचे स्वीकारण्याची गरज नाही. काही महिन्यांचा हा अनुभव तुमच्या पुढच्या प्रत्येक घराच्या पहिल्या रेघेत उतरेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पडताळणीच्या कामात रुळलेली माणसे पुष्कळदा किमान मापालाच डिझाइन समजू लागतात. किमान म्हणजे त्याखाली जायचे नाही, एवढेच. चाकांच्या खुर्चीला वळायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. नियमाने एखाद्या घरात ती मागितली नसली, तरी आज चालणारा माणूस उद्या चालू शकेलच असे नाही, हे डिझाइनरने लक्षात ठेवायचे असते.

आता ती अट. रुजू होण्यापूर्वी त्या कार्यालयाला दोन प्रश्न नम्रपणे विचारा: एखादे घर पहिल्या चर्चेपासून परवानगीपर्यंत मला पाहायला मिळेल का, आणि बांधकामाच्या जागेवर मला नेले जाईल का? दोन्हींना होकार मिळाला तर निःशंक जा. फक्त अर्ज भरणे आणि जुन्या नकाशांवर नवी नावे घालणे एवढेच काम असेल, तर पहिले कार्यालय निवडा आणि संहिता स्वतः शिका. त्यासाठी प्रत्येक घराच्या आरंभी एका कागदावर भूखंडाची मापे, रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरे (भूखंडाच्या हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), अनुज्ञेय उंची आणि क्षेत्रफळ, जिन्याचा हिशेब, प्रत्येक खोलीच्या खिडकीची गरज आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. प्रत्येकापुढे नियम कशासाठी आहे तेही एका ओळीत लिहावे आणि मगच पेन्सिल उचलावी.

पुन्हा करायला सांगितलेला तो घराचा आराखडा तुम्ही या आठवड्यातच हाती घ्या. जिना ३.७५ मीटरचा धरून आधी बसवा. नंतर पुठ्ठ्यात २० गुणिले २४ इंचांची आणि २० गुणिले ४१ इंचांची अशा दोन चौकटी कापा, त्या ४४ इंच उंचीवर कोणाला तरी धरायला सांगा आणि दोन्हींतून बाहेर पडून पाहा. त्यानंतर शयनकक्षाची खिडकी काढा आणि सुधारित आराखडा मला पाठवा. मी तो पुन्हा पट्टी घेऊन तपासेन.

तुमची,
करिअर मार्गदर्शक