गाडी त्यानी शे का बँकनी?

हिशेबाची वही : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं
(ताई बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्या. नोकरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाखांत झाली.)

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी. सहा एकर बागायत. मुलगी बी. फार्म. झाली, नाशिकला कंपनीत आहे. तिला धुळ्याचं स्थळ आलंय. मुलगा थोरल्या भावाबरोबर शेती औषधांची एजन्सी बघतो. मुलगी पाहायला आले ते महिंद्राची नवी इलेक्ट्रिक, एक्सईव्ही, घेऊन. काचेचं छत, आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पडदेच पडदे. सगळी गल्ली गोळा झाली. माझा शालक म्हणतो, एवढी गाडी बाळगणारा माणूस कोट्यधीशच, डोळे झाकून हो म्हणा. आता मध्यस्थाकडून निरोप आलाय की लग्न धुळ्याला लॉनवर, त्यांच्या तोलामोलाचं व्हावं. तसं करायचं तर मला एक एकर विकायला काढावा लागेल. मुलीच्या आईला ते पटत नाही. आणि मुलगी म्हणते, बाबा, आधी गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारा. असं विचारणं बरं दिसतं का? आणि इतकी महाग गाडी असली म्हणजे माणूस पैसेवाला असणारच ना?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. ती माणसं पैसेवाली असतीलही, पण ते गाडीवरून कळत नाही.

तुम्ही सांगताय त्या जातीची गाडी, एक्सईव्ही 9ई, नोव्हेंबर 2024 मध्ये आली तेव्हा तिची शोरूम किंमत 21.90 लाखांपासून सुरू होत होती आणि पुढं जाहीर झालेलं सगळ्यात वरचं मॉडेल 30.50 लाखांचं होतं. आपण मधली 25 लाखांची धरू. कर्जाच्या टेबलावर अशा गाडीची फाइल आली की आम्ही काय बघायचो? महिन्याला किती येतात, त्यातले किती आधीच हप्त्यांत जातात, मागचे हप्ते वेळेवर गेलेत का. माणसाची एकूण मालमत्ता किती यात फार खोल कोणी शिरत नाही, कारण तारण म्हणून गाडीच ठेवलेली असते. 5 लाख हातचे भरले, 20 लाख कर्ज घेतलं, व्याज 9 टक्के, मुदत 7 वर्षं, तर हप्ता बसतो 32,000 च्या थोडा वर. सात वर्षांत बँकेत 27 लाख जातात. म्हणजे दारातली 25 लाखांची गाडी तुम्हाला दोनच गोष्टी सांगते : या घरात एकदा 5 लाख जमले होते, आणि दर महिन्याला 32,000 भरायची ऐपत आहे, निदान कर्ज मंजूर झालं त्या दिवशी तरी होती. घरात शिल्लक किती, हे ती सांगत नाही. तीन वर्षं हप्ते भरल्यावरही 13 लाखांच्या आसपास देणं उरतं. त्यातून इलेक्ट्रिक गाडीचा जुन्या बाजारातला भाव अजून नीट बसलेला नाही. गरज पडली म्हणून गाडी विकायला काढली तर कर्ज फिटून हातात काही उरेलच असं नाही.

आता तुमच्या शालकांचा मुद्दा. डिझेलची एवढीच मोठी गाडी आणि ही इलेक्ट्रिक यांना एका मापानं मोजू नका. सरकारनं इलेक्ट्रिकवरचं कराचं ओझं मुद्दाम हलकं ठेवलंय. इलेक्ट्रिकवर जीएसटी 5 टक्के, तो ऑगस्ट 2019 पासून. मोठ्या डिझेल गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के आहे, त्याआधी 28 टक्के आणि वर उपकर होता. आपल्या राज्यात 20 लाखांवरच्या डिझेल गाडीला आरटीओत 15 टक्के कर भरावा लागतो. इलेक्ट्रिकला तो माफ. 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर लावायचं 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात आलं होतं, तेही मुख्यमंत्र्यांनी त्याच अधिवेशनात मागे घेतलं.

त्यात ही माणसं एजन्सीवाली, म्हणून गाडी एजन्सीच्या नावावर असायची शक्यता बरीच आहे. धंद्यात वापरलेल्या साध्या मोटारीवर आयकरात वर्षाला 15 टक्के घसारा (वापरानं घटणाऱ्या किमतीची वजावट) मिळतो, इलेक्ट्रिकवर 40 टक्के. 25 लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी 10 लाख नफ्यातून वजा. (गाडी वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याच्या निम्मे.) नफा बरा असेल तर सीए स्वतःच सांगतो, बापू, इलेक्ट्रिक घेऊन टाका. तुमच्यासारख्या शेतकऱ्याला याचा उपयोग नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, मग वजा कशातून करणार? पण गाडी एजन्सीची असेल तर ती दोघा भावांची झाली. एजन्सीवर कॅश क्रेडिट (धंदा चालवायला बँकेनं दिलेलं फिरतं कर्ज) असेल तर तिच्यावर बँकेचाही हक्क असू शकतो. मुलाच्या वाट्याला त्यातलं किती, हा प्रश्न वेगळाच राहतो. तुमच्या मुलीनं नेमकं तिथंच बोट ठेवलंय. पोरगी हुशार आहे.

आणखी एक सांगते, नाहीतर तुम्ही एकदम उलट्या टोकाला जाऊन त्यांना कर्जबाजारी ठरवाल. शेती औषधांचा माणूस फिरता असतो. तो रोज धुळे-जळगाव करत असेल तर जाऊन-येऊन 180 किलोमीटर धरा. डिझेलची मोठी गाडी किलोमीटरला 7 रुपये खाते, ही घरी चार्ज केली तर 2 रुपये. रोजचे 900 वाचले. महिन्याचे 25 दिवस धरले तर 22,500. हप्त्याचे दोन तृतीयांश तिथंच निघाले! अशा माणसाच्या दारातली गाडी त्याची श्रीमंती दाखवत नाही, धावपळ दाखवते. आणि तो हिशेबी आहे एवढंही दाखवते, जे मला जावयात श्रीमंतीपेक्षा जास्त आवडेल. पण तीच गाडी आठवड्यातून एकदा लग्नाला आणि एकदा एकविरा देवीला जात असेल, तर तो निव्वळ मिरवण्याचा खर्च.

म्हणून किंमत विचारू नका, ती गुगलवरही मिळते. दिवसाला किती चालते ते विचारा. आणि चार्ज कुठं करता, तेही. हा प्रश्न साधा वाटतो, कोणाला लागत नाही, पण उत्तरात बरंच कळतं. रोज वापरायची गाडी घरी चार्ज करायची तर स्वतःची जागा लागते, मीटर लागतं, त्यावर वीज कंपनीनं तेवढा भार मंजूर केलेला लागतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये सोसायटीच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. 'घरच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर सोलर आहे' असं म्हणाले तर घर बहुधा स्वतःचं आहे. गाडीपेक्षा मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. 'हायवेच्या चार्जरवर लावतो' म्हणाले तर तिथं युनिटचा दर बराच जास्त असतो, आणि वरचा बचतीचा हिशेब बसत नाही.

नोकरीत असताना मी दोन्ही प्रकारची माणसं पाहिली, नावं सांगणार नाही. रावेरकडचा एक केळीचा व्यापारी, दारात नवी कोरी गाडी, ड्रायव्हरला गणवेश. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या, बागायतदारांना दिलेली उचल अडकली आणि लागोपाठ हप्ते परत यायला लागले. गाडी मात्र रोज धुतली जायची. दुसरी माणसं अमळनेरची. विप्रो ही कंपनी 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झाली, हे तुम्हाला ठाऊकच असेल. गावातल्या कितीतरी साध्या घरांनी तेव्हापासून तिचे शेअर धरून ठेवलेत. बोनसवर बोनस मिळत गेले, शेवटचा डिसेंबर 2024 मध्ये, एकाला एक. लुनावर यायचे, पायात रबरी चपला, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. नवा क्लार्क त्यांना 'बाबा, रांगेत थांबा' म्हणायचा, आणि मॅनेजर केबिनमधून उठून बाहेर यायचे. त्या पासबुकांपुढं गल्लीतल्या सगळ्या गाड्या मिळूनही कमीच पडल्या असत्या.

आता विचारणं बरं दिसतं का, हे. आमची आजी असती तर तिनं पाहुण्यांसमोरच अहिराणीत विचारलं असतं, 'गाडी त्यानी शे का बँकनी?' म्हणजे, गाडी त्याची आहे का बँकेची? तुम्ही मध्यस्थामार्फत विचारा, पण मोघम नको. गाडी कोणाच्या नावावर? आरसी बुकावर कोणत्या बँकेचा बोजा आहे? (कर्ज असेल तर तिथं हायपोथिकेशनची नोंद असतेच. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन ती काढून घ्यावी लागते. कित्येक जण काढतच नाहीत, म्हणून नोंद दिसली की कर्ज चालूच आहे असंही समजू नका.) घर कोणाच्या नावावर? भावांची वाटणी झालीय का? एजन्सीतून मुलगा महिन्याला स्वतःसाठी किती उचलतो? शेती असेल तर गट नंबर मागा. सातबारा ऑनलाइन मिळतो, त्यावर इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसतो. आणि हे विचारायच्या आधी तुमचा सातबारा आणि मुलीची पगाराची स्लिप पुढं ठेवा. मग चौकशी एकतर्फी वाटत नाही. कर्ज आहे असं कळलं तर तेवढ्यावरून स्थळ मोडू नका. धंदा करणाऱ्याला कर्ज असतंच. लपवलं तर मात्र विचार करा.

राहिला तो एक एकर. खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला गाडीपेक्षा हाच जास्त खुपला. समोरच्याची गाडी 7 वर्षांच्या हप्त्यावर असेल आणि तुम्ही तिच्या तोलाला उतरायचं म्हणून बागायत एकर कायमचा विकणार, तर हा तोल कसला? त्यांची गाडी दहा वर्षांनी जुनी होईल, तुमच्या एकरात तेव्हाही केळी निघेल. लॉनचा खर्च दोघांनी अर्धा-अर्धा करायचा, असं मध्यस्थाला सांगा आणि काय उत्तर येतं ते बघा. त्या उत्तरातून त्यांची आर्थिक स्थिती कळेल, वृत्तीही कळेल. 'मुलीकडच्यांनीच करायचं' असा हट्ट धरून वर आणखी काही मागितलं तर ते हुंड्यात जातं. 1961 चा कायदा देणाऱ्यालाही सोडत नाही, हेही घरात सांगून ठेवा. मुलीची आई जे म्हणतेय ते ऐका, तिनं बागेचं पाणी बघितलंय.

प्रश्न : ताई, शहाद्यात माझे दहावी-बारावीचे क्लासेस आहेत. मी एमजीची विंडसर घेतली, बॅटरी भाड्यावरची. हिरवी नंबर प्लेट दिसल्यापासून मंडळाच्या पोरांनी गणपतीची वर्गणी दुप्पट सांगितली, दोन नातेवाइकांनी हातउसने मागितले आणि पालक म्हणतात सर, फी कमी करा, तुम्हाला काय कमी आहे! काय करू?
— एक शिक्षक, शहादा

उत्तर : सर, हसू आलं, पण अडचण खरी आहे. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी इलेक्ट्रिक गाडी, एवढाच त्या पाटीचा अर्थ. लोक त्यात तुमचं बँक बॅलन्स वाचतात.

तुमची गाडी तर बॅटरीविना विकत घेतलेली. सप्टेंबर 2024 मध्ये ती योजना आली तेव्हा गाडी 9.99 लाख आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला 3.50 रुपये, असा हिशेब होता. म्हणजे गाडीतला सगळ्यात महागडा भाग तुमचा नाहीच. नातेवाइकांना हे एकदा जेवताना मोकळेपणानं सांगा, भाड्याचा आकडाही सांगा. उसने मागणारे बहुतेक तिथंच थांबतील. न थांबणाऱ्याला जेवढे परत आले नाहीत तरी चालतील तेवढेच द्या.

फीचं पालकांशी बोलू नका, वाद वाढतो. कोणाची खरंच अडचण असेल तर हप्ते पाडून द्या. वर्गणी गेल्या वर्षीएवढीच द्या. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, पावती मागितली की पोरं आकड्यावर फार ताणत नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, ती सांगते. बॅटरीभाड्याचा करार काढून पुन्हा वाचा. काही करारांत महिन्याचे कमीत कमी किलोमीटर ठरलेले असतात, गाडी त्याहून कमी चालली तरी तेवढे पैसे जातात. शहाद्यातल्या शहाद्यात क्लास ते घर एवढंच फिरत असाल तर हे तुम्हाला लागू होईल. मे महिन्यात क्लास बंद असतो, फी येत नाही, पण गाडीचा हप्ता आणि बॅटरीचं भाडं दोन्ही कापले जातात. तेव्हा मार्चमध्येच एका महिन्याचे दोन्ही पैसे त्या खात्यात बाजूला टाकून ठेवा, आणि हप्त्याची तारीख फी जमा होते त्यानंतरची मागून घ्या. शाखेत अर्ज दिला की बऱ्याचदा बदलून देतात.