लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा

तुम्ही विचारलंत: तुमची २००९ ची स्विफ्ट, १ लाख १५ हजार किलोमीटर, वारज्याला सोसायटीच्या गेटमधल्या स्पीडब्रेकरवर पुढून 'खट्ट', आणि गॅरेजवाल्याने हातात दिलेली बदलायच्या पार्टची यादी: दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा), लिंक रॉड (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या बारच्या टोकाची छोटी दांडी), शिवाय स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगवरून चाकं वळवणारी यंत्रणा). हे सगळं बदलायचं का? रॅकला आत्ता हात लावू देऊ नका. बाकीच्यातलं काही खरं असेल, पण न तपासता सगळं बदलायचं म्हणजे खिशाला भोक.

आधी आवाज वेगळा काढा. तोच स्पीडब्रेकर एकदा सरळ घ्या, एकदा तिरका. सरळ घेतल्यावर दोन्ही चाकं बरोबर उचलली जातात, त्यामुळे लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. तिरका घेतल्यावर, किंवा उखडलेल्या पेव्हिंग ब्लॉकवरून हळू जाताना खडखड वाढली तर संशय आधी लिंक रॉडवर. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि बदलायलाही सोपा. रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला, मग पुढे घेऊन दाबला आणि दर वेळी एकच 'टक' आला, तर लोअर आर्मचा बुश (सांगाड्याकडच्या सांध्यातला रबरी तुकडा) फाटलेला असण्याची शक्यता जास्त. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग झटक्याने सुटल्यासारखा 'टुंग' झाला, तर वरचा स्ट्रट माउंट बघा (शॉकअप आणि स्प्रिंगची जोडी म्हणजे स्ट्रट, ती वर बॉडीला जिथे बसते तो भाग).

मग जॅक लावा, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, ठेवा (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही). चाक एका हाताने वरून, एका हाताने खालून धरून हलवा. खेळतंय? मग कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा). डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावर खेळत असेल तर टाय रॉडकडे (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी) बघा. बुशजवळ टॉमी (छोटी पहार) घालून आर्म रेटला की रबराची चीर लगेच दिसते. शॉकअपवर तेलाचा ओला थर नसेल आणि गाडी खड्ड्यानंतर डोलत नसेल तर ते सध्या राहू द्या. बदलायचेच झाले तर मात्र जोडीने.

पार्ट पुण्यात नाना पेठेत मिळतील. जाताना दुचाकीवर जा, पार्किंगच्या भानगडीत अर्धी सकाळ जाते. चासी नंबर लिहून न्या, आणि आर्म डावा-उजवा वेगळा असतो हे दुकानदाराने न विचारता तुम्हीच सांगा. नुसता बुश प्रेस करून घेण्यापेक्षा मी पूर्ण आर्म घेतो. जुन्या आर्मचं भोक गंजलेलं असलं तर नवा बुश त्यात नीट धरत नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या जुन्या वॅगन आरचे आर्म एका गॅरेजमध्ये बदलले, आणि आठ महिन्यांत तोच 'टक' परत. पार्ट डुप्लिकेट म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो. नंतर दुसऱ्या मिस्त्रीने फाटलेला बुश काढून दाखवला तेव्हा कळलं, की पहिल्याने गाडी लिफ्टवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याचं रबर आतल्या नळीला घट्ट चिकटलेलं असतं, आणि बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पक्की होते. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळत. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी नुसती उभी असली तरी. मग आपले खड्डे उरलेलं काम करतात.

म्हणून बुशचे बोल्ट नुसते हाताने लागतील एवढेच लावा, चाकं बसवा, गाडी जमिनीवर उतरवून पुढे-मागे थोडी ढकला आणि मग पिटमध्ये (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) उतरून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येतो त्या पान्याने, आवळा. पिट नसेल तर बॉल जॉइंटच्या बाजूने आर्मखाली जॅक लावून, गाडी घोडीवरून जेमतेम सुटायला लागेल इतका आर्म उचला आणि त्या स्थितीत आवळा. मिस्त्री 'काही फरक पडत नाही साहेब' म्हणेल. तुम्ही तिथेच उभे राहा. बॉल जॉइंटचा नट मात्र आधी पूर्ण आवळला तरी चालतो. तिथे जुना लॉक नट किंवा स्प्लिट पिन परत वापरू देऊ नका.

स्ट्रट काढावा लागला तर त्याला नकलशी (चाक ज्यावर बसतं तो भाग) धरणाऱ्या बोल्टच्या जागी आधी खूण करून ठेवा, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) तिथेच बिघडतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरचं काम घरी करू नका. अलाइनमेंट शेवटी करायचंच.

रॅक तपासायचा तो यानंतर: गाडी जमिनीवर, एकाने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉडच्या आतल्या टोकाच्या रबरी बुटावर हात ठेवायचा. तिथे टकटक हाताला लागली, तरच त्या यादीतल्या शेवटच्या ओळीबद्दल बोलू.