वाढत्या अंगाचं

प्रिय चिऊ,

कोल्हापूरहून आलेलं पार्सल उघडून झाल्यावर तू मला दोन प्रश्न विचारलेस. आजी-आजोबा आम्हाला काय हवंय ते आधी विचारत का नाहीत, मराठी लोक असंच करतात का, हा पहिला. आणि जी वस्तू मी वापरणारच नाही ती फोनवर "आवडली" म्हणणं हे खोटं बोलणं नाही का, हा दुसरा. पोळ्या लाटता लाटता उत्तर देण्यासारखे हे प्रश्न नाहीत, म्हणून लिहून देते. वाचताना एखादं अक्षर अडलं तर विचार.

तुझं म्हणणं मला पटतं, हे आधी सांगते. तुझं खणाचं परकर-पोलकं पायात अडकेल इतकं लांब आहे. छोटूच्या कापशी पद्धतीच्या कोल्हापुरी चपला त्याच्या पावलाला मोठ्या आहेत आणि बाहेर मिनेसोटाचा जानेवारी आहे. पैंजण शाळेत चालत नाहीत. पितळेची भातुकली इतकी जड, की कुरिअरवाल्याला दिलेल्या पैशांत इथली खेळणी आली असती. आज, या घडीला, यातलं काहीच कामाचं नाही.

आता पहिला प्रश्न. तुझ्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आपण दुकानातली यादी बघून भेट घेतो. ती पद्धत मला आवडते, त्यात कुणाचे पैसे वाया जात नाहीत. आपल्याकडे मात्र लहान मुलाला कुणी काय द्यायचं ते बरंचसं नात्यावरूनच ठरतं. बारशाला पाळणा आणि बाळंतविडा आजोळचा. वाळे मामाने करायचे. कुंची-टोपडं आत्या आणते, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मानही तिचाच. तू जन्मलीस तेव्हा हे सगळं आलं, कुणीही कुणाला "काय आणू?" असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तुझ्या आजीला ते परकेपणाचं वाटलं असतं. पाहुण्याला विचारतात, घरच्या लेकराला काय द्यायचं हे आजीला ठाऊक असायलाच हवं, असं तिचं पक्कं मत आहे. म्हणजे भेट तुझ्या गरजेवरून ठरत नाही, तू तिची कोण लागतेस यावरून ठरते. ती तुझी आजी आहे, म्हणून खण घेण्याचा हक्क तिचा. तो ती सोडणार नाही, तुम्ही कुठल्याही देशात राहा.

मापाचं म्हणशील, तर ते चुकलेलं नाही. परकर उलटा करून बघ. खालच्या काठाच्या वर आतून दोन आडव्या टिपा आहेत, कच्च्या दोऱ्याच्या. उंची वाढली की एक टीप उसवायची, आणखी वाढली की दुसरी. पोलक्याच्या दोन्ही बाजूंना शिवणीत चांगली दोन दोन बोटं माया सोडलेली आहे. कात्रीने हे टाके कापले तर कापडाला भोकं पडत नाहीत, कारण टाके लांब आणि सैल घातलेत. हे मुद्दाम केलेलं काम आहे. मी आजीला फोनवर म्हटलं, "अगं, केवढा मोठा शिवलास!" तर ती म्हणाली, "असू दे की, वाढत्या अंगाचं हाय. पोरगी काय एवढीच राहणाराय व्हय?" मी लहान असताना आमच्या पेठेत सगळ्यांची लेकरं असेच कपडे घालायची. पहिल्या वर्षी ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी आखूड, आणि मग धाकट्या बहिणीला. एका परकराची इतकी वर्षं व्हायची. आजीने तो तुझ्या पुढच्या दोन-तीन वर्षांच्या हिशोबाने शिवून घेतलाय.

पैंजणांचा हिशोब वेगळा. ते हुपरीचे आहेत. हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातलं गाव, चांदीकामासाठी नावाजलेलं. तुला वाटलं हे पायात घालायचे दागिने आहेत. आहेतच, पण आजीच्या लेखी ते पैसे ठेवायचं ठिकाणही आहे. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या वर्षी घरात फीचे पैसे नव्हते. आजीने स्वतःच्या पाटल्या गुजरीत नेऊन मोडल्या. गुजरी म्हणजे अंबाबाईच्या देवळाजवळची सराफांची पेठ. सोनाराने वजन केलं, घट धरली, नोटा मोजून दिल्या, आणि त्याच दुपारी माझी फी भरली गेली. प्लास्टिकचं खेळणं कितीही सुंदर असलं तरी अडीअडचणीला ते कुणी विकत घेत नाही. म्हणून लेकराला द्यायचं तर वजनाचं काहीतरी द्यायचं, हे तिने जगून शिकलेलं आहे. पैंजणांबरोबर आलेल्या चिठ्ठीवर चांदीचं वजन आणि मजुरी वेगवेगळी लिहिलीय. ती चिठ्ठी मी बँकेच्या कागदांत ठेवलीय.

आणि भातुकली. ती नवी नाही, माझी आहे. बंब, घंगाळ, शेगडी, पाटा-वरवंटा, करंगळीएवढी पळी. तुझं आजोळ शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटापासून फार लांब नाही. नदीची धोक्याची पातळी 43 फूट धरतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आजी-आजोबांना शेजाऱ्यांनी आधीच वरच्या मजल्यावर नेलं होतं, पण खालचं घर पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर गाद्या गेल्या, प्लायवूडचं कपाट फुगून फुटलं, माझी शाळेतली पुस्तकं आणि फोटोंचे अल्बम लगदा झाले. भातुकलीचा डबा मात्र चिखलातून जसाच्या तसा निघाला. आजीने चिंच लावून एक एक भांडं घासलं आणि उन्हात मांडलं. बंबाच्या तोटीजवळ, खाचेत, अजून थोडा काळपट चिखल आहे, नखाने खरवडून बघ. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, पुन्हा पूर आला. या खेपेला आजीने तो डबा माळ्यावर टाकला होता. आता तिने तो पुराच्या वाटेतूनच काढून तुझ्याकडे पाठवलाय. वजन बघून मीही आधी कपाळाला हात लावला, पण हा डबा कुठेही नेला तरी मी त्याला अडगळ म्हणणार नाही.

चपलांबद्दल आजोबांशी बोलायला हवं, आणि ते काम मी तुझ्याकडे देते. आजोबांना त्यांच्या गावात जे उत्तम बनतं तेच नातवाला द्यायचं असतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, असं ते मिळून आहे. आजोबांना ते नीट माहीत आहे आणि कुणी ती चप्पल नुसती "कोल्हापूरची" म्हटली तर शेजारच्या जिल्ह्यांतल्या कारागिरांची नावंही घ्यायला ते विसरत नाहीत. चांगल्या जोडाला खिळा नसतो, कातड्याच्याच वादीने तळ शिवलेला असतो. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. पण ही चप्पल ओली झाली की खराब होते, आणि इथे पाच महिने बर्फ. तर असं कर. छोटूला कोऱ्या कागदावर उभा कर, पेन सरळ धरून त्याच्या पावलाभोवती रेघ ओढ, दोन्ही पावलांची, कारण दोन्ही सारखी नसतात. कागदाचा फोटो नको, फोटोत माप बदलतं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीने मोजून आकडा लिही आणि आजोबांना कळव. म्हणावं, पुढचा जोड याच्यापेक्षा बोटभरच मोठा घ्या, आणि आम्ही उन्हाळ्यात तिथे येऊ तेव्हाच घ्या. ते चप्पल लाईनला जाऊन कारागिराशी तासभर बोलतील. त्यांना "पाठवू नका" सांगितलं तर वाईट वाटेल, "असं पाठवा" सांगितलं तर हुरूप येईल.

सगळंच गोड मानून घ्यायचं असंही नाही. छोटू तान्हा होता तेव्हा आजीने घरी पाडलेलं काजळ आणि गुटीचं सामान पाठवलं होतं, वर गुटीत मध घालायला सांगितलं. मी तिन्ही गोष्टींना नाही म्हटलं. काजळ-सुरम्यात शिसं निघतं म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिलेला आहे, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातल्या जंतूंनी बाळाला विषबाधा होऊ शकते. आजीच्या जुन्या लुगड्यांची वाकळही पहिलं वर्ष मी त्याच्या पाळण्यात घातली नाही. तान्ह्या बाळाजवळ सैल पांघरूण नको, असं इथले बालरोगतज्ज्ञ सांगतात, गुदमरायची भीती असते. आजी थोडी नाराज झाली. मी तिला डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं, तिची पद्धत मागासलेली आहे असं म्हटलं नाही. वाकळ जमिनीवर अंथरली, छोटू तिच्यावरच पालथा पडायला शिकला, आणि त्याचा व्हिडिओ आजीला गेला. आता ती वाकळ तुझ्या अंगावर असते. पैंजणांची घुंगरंही मी काढून ठेवलीत, छोटू सगळं तोंडात घालतो. जिवाला धोका असेल तिथे भीड धरायची नाही. बाकी सगळीकडे धरायची.

आता तुझा दुसरा प्रश्न, खोटं बोलण्याचा. तू हा विचारलास याचा मला अभिमान वाटतो. आजी-आजोबांना "थँक यू" म्हण, असा आग्रह मी तुला कधीच केला नाही, लक्षात आलंय? आपल्या घरी मोठ्यांकडून काही मिळालं की दोन्ही हातांनी घ्यायचं, देवापुढे ठेवायचं आणि नमस्कार करायचा. त्यात आवडलं की नाही हा प्रश्नच येत नाही. त्यामुळे "आवडलं" म्हणायची सक्ती तुझ्यावर नाही. तू जे पाहिलंस ते सांग. खणाचा काठ कोणत्या रंगाचा आहे, आतल्या टिपा तुला दिसल्या, बंबाला अजून चिखल आहे, हे सगळं खरं आहे आणि आजीला तेच ऐकायचंय. मग विचार, हा परकर कुणाकडे शिवून घेतला, खण कुठून घेतला. ती अर्धा तास बोलेल.

आणि तुला खरोखर काही हवं असेल तर माग. नातवंडांनी आजी-आजोबांकडे हट्ट करायचा असतो, आपल्याकडे त्याला उद्धटपणा समजत नाहीत. तुला चित्रांसाठी पेन्सिली हव्यात ना? थेट आजोबांना सांग. शिवाय आजीच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून माग. त्याला कुरिअरही लागत नाही. परकर तुला कधीच घालावासा वाटला नाही, तर तोही खालच्या पेठेतल्या तुझ्या मामेबहिणीला देऊ, पण आजीला आधी विचारून. टाकून द्यायचा नाही आणि गुपचूप द्यायचाही नाही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल. बाबांनी आजोबांना इथून जाड लोकरीचा कोट पाठवला होता. कोल्हापूरच्या थंडीला साधा स्वेटर पुरतो. तरी आजोबांनी तो कोट भर मे महिन्यात अंगात घालून आपल्याला व्हिडिओ कॉल केला, वळून पाठसुद्धा दाखवली, आणि बाबांना म्हटलं, "खिसे आतूनपण हायेत की रे, किती विचार करून शिवलंय!" त्यांनी "छान आहे" म्हटलं नाही, खिसे बघितले.

शनिवारी रात्री साडेआठला फोन लावू, तिथे रविवारचे सकाळचे आठ वाजलेले असतील आणि आजीची पूजा झालेली असेल. परकर घाल, खाली पायाशी मी सेफ्टी पिना लावून देते. छोटूच्या पावलाचं माप तोपर्यंत काढून ठेव.

तुझी,
आई