पिकलेल्या केसांचा जाँ गाबँ

प्रश्न : युद्धापूर्वी फ्रान्समध्ये जाँ गाबँ हा सर्वांत लाडका नट होता. नंतर तो मागे पडला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा वर आला, असं वाचलं. मधे काय घडलं?

उत्तर : मधे युद्ध झालं आणि त्याचे केस पिकले. १९३८ सालच्या ‘ला बेत यूमेन’मध्ये त्याने रंगवलेला इंजिन ड्रायव्हर आठवा. पॅरिस–ल हाव्र मार्गावर इंजिन त्याने स्वतः चालवलं. काजळीने माखलेला चेहरा, खडखडाटात शब्द ऐकू येत नाही म्हणून फायरमनशी नुसत्या खुणा. कष्टकरी माणसाला पडद्यावर आपलाच कुणीतरी दिसायचा.

जर्मनांनी देश व्यापल्यावर १९४१मध्ये तो अमेरिकेला गेला. हॉलिवूडमध्ये दोन चित्रपट केले, पण त्याचं मन तिथे रमलं नाही. १९४३मध्ये तो जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत दाखल झाला आणि पुढे चाळिशीत रणगाड्याचा कमांडर म्हणून लढला. हे मला त्याच्या कुठल्याही भूमिकेपेक्षा मोठं वाटतं.

परतला तो पांढरे केस घेऊनच. लोक मात्र जुन्या तरुण गाबँलाच शोधत होते. १९४६मध्ये मार्लेन डीट्रिशबरोबर केलेला चित्रपट पडला. पुढेही कामं मिळाली, १९५१मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कारही मिळाला, पण पूर्वीची जादू काही परतेना.

ती परतली १९५४मध्ये, दिग्दर्शक जाक बेकरच्या ‘तुशे पा ओ ग्रिस्बी’मुळे. नायक मॅक्स हा थकलेला दरोडेखोर. एका रात्री तो मित्राला आपल्या गुप्त घरी आणतो. दोघं कुरकुरीत टोस्टवर पाते (मांसाचा मऊ लगदा) लावून खातात, वाइन पितात. मग मॅक्स कपाटातून मित्रासाठी पायजमा काढतो, ब्रश देतो, आणि दोघं दात घासून झोपतात. गुन्हेगारी चित्रपटात एवढा वेळ दात घासण्याला! पण मित्र आरशात स्वतःच्या डोळ्यांखालच्या पिशव्या न्याहाळतो, तेव्हा आपल्याला कळतं, वय लपवण्याचे दिवस संपले. गाबँने तेच वय भूमिकेत आणलं आणि प्रेक्षकांनी त्याला पुन्हा आपलंसं केलं.

त्यानंतर कादंबऱ्यांमधला पोलीस अधिकारी मेग्रे आला, इतर पोलीस आले, म्हातारे कुटुंबप्रमुख आले. १९७६मध्ये तो गेला. त्याच्या अस्थी नौदलाच्या जहाजावरून ब्रेस्टजवळच्या समुद्रात सोडल्या. आधी ‘ग्रिस्बी’ पाहा, इंजिनवाला नंतर.