विषयाआधी रुग्ण मोजा

प्रश्न: मी कळव्याची. एम.पी.टी. (न्यूरो), म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी, करून दोन वर्षं वाशीतल्या रुग्णालयात नोकरी करते. पक्षाघातानंतर हाताची हालचाल परत यावी, यावर पीएच.डी. करायची आहे. घरचे म्हणतात, नोकरी सोडू नकोस. विषय कसा निवडू?

उत्तर: नोकरी सोडायची गरज नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी. आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागेल. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम दोन्ही तुमच्या टप्प्यात आहेत. प्रवेशाच्या अटी तिथेच जाऊन विचारा, आणि गाइडकडे जागा आहे का हेही. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात.

आता विषय. त्याआधी ओपीडीचं सहा महिन्यांचं रजिस्टर काढा. झटका येऊन तीन महिने उलटलेले, सूचना समजणारे, बोटं थोडी तरी हलवणारे रुग्ण किती आले ते मोजा. तीन महिने अशासाठी, की तोवर हात बराचसा आपोआपही सुधारतो आणि श्रेय उपचाराचं की निसर्गाचं हे वेगळं काढणं अवघड जातं.

हिशेब करून पाहा. हाताची हालचाल मोजणाऱ्या फुगल-मायर चाचणीला 66 गुण. नवा उपचार घेणारे आणि नेहमीचा घेणारे, अशा दोन गटांत 5 गुणांचा फरक दाखवायचा, प्रमाणित विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरतात ते) 10 धरलं, तर 80 टक्के पॉवरसाठी, म्हणजे फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता 80 टक्के असावी यासाठी, गटामागे 63 रुग्ण लागतात. 20 टक्के गळती, म्हणजे मध्येच सोडून जाणारे, धरली की 79, म्हणजे एकूण 158. महिन्याला तीनच मिळाले तर नुसत्या भरतीला जवळजवळ साडेचार वर्षं! पीएच.डी.ची मुदत सहा वर्षांची, त्यात कोर्सवर्कही आलं.

गळती मात्र हलक्यात घेऊ नका. अर्धं अंग लुळं पडलेला माणूस दिव्याहून आठवड्यात पाचदा लोकलने कसा येईल? सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. दोनदा ओपीडी, बाकी व्यायाम घरी आणि नोंदवही, असा आराखडा करा. रिक्षाभाडं खर्चाच्या अंदाजात धरा. गुण देणारा फिजिओ वेगळा हवा, कोण कुठल्या गटात हे त्याला कळता कामा नये. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हायला हवी. मागाहून केलेल्या नोंदणीमुळे शोधनिबंध परत येतात.

आकडा कमी निघाला तर दुसरं रुग्णालय जोडा, तिथली मंजुरी वेगळी घ्या. तेही जमत नसेल, तर मराठी रुग्णांसाठी एखादी प्रश्नावली भाषांतरित करून तिची विश्वासार्हता तपासणं हा विषय घ्या. त्यात रोज उपचाराला बोलवावं लागत नाही.